हबवर जाळ धरण्याआधी : एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात भाच्याने ओमानमधून एक चित्रफीत पाठवली आणि तिच्याखाली लिहिले, “मामा, गॅसचा टॉर्च आणायला माणूस पाठवला आहे, बरोबर आहे ना?” तो सोहारजवळ एका कंत्राटदाराच्या गाड्यांची देखभाल पाहतो. प्रश्न होता नव्वदच्या दशकातल्या एका टोयोटा हायलक्स पिकअपचा, जिच्या पुढच्या चाकांच्या मधोमध हाताने फिरवायचे लॉकिंग हब आहेत (बाहेरची चकती ‘लॉक’वर फिरवली की चाक अॅक्सलला जोडणारा आणि ‘फ्री’वर फिरवली की सोडणारा भाग) आणि जिने आधीच्या मालकाकडे समुद्रातून होड्या ओढून काढण्यात आयुष्य घालवले आहे. बेअरिंगचा आवाज येत होता म्हणून त्याने हब उघडायला घेतला, सहाही नट निघाले, आणि हब मात्र जागचा हलेना. हीच चित्रफीत तीन दिवस आधी चिपळूणच्या आमच्या घरच्या गटावरही आली होती. ज्याने ती टाकली त्याने स्कूटरचा प्लगसुद्धा स्वतः कधी साफ केलेला नाही, त्यामुळे तेव्हा दुर्लक्ष करणे मला सोपे गेले.

“फोर बाय फोरचा जाम हब पाच मिनिटांत काढा” असे त्या संदेशाचे शीर्षक आहे. सांगणे थोडक्यात असे : गंजामुळे हब आणि स्टड (ज्यांच्यावर नट बसतात ते आटेदार खिळे) एकजीव झालेले असतात, प्रथम रॉकेल किंवा ब्रेक क्लीनर भरपूर ओतावे, ते नसल्यास कोला ओतून रात्रभर ठेवावे, मग गॅसच्या ज्योतीने हब लाल होईपर्यंत तापवावा आणि त्यावर गार पाणी मारावे, तरीही न निघाल्यास फटीत छन्नी घालून घण मारावा, नाहीतर चाकाचे नट सैल करून गाडी आठच्या आकड्यात फिरवावी, आणि परत बसवताना हब ग्रीसने ठासून भरून कायम लॉकवर ठेवावा, म्हणजे तो पुन्हा जाम होणार नाही.

पहिलेच विधान चुकीचे असल्यामुळे पुढचे सगळे उपाय भलत्याच रोगावर जातात. या हबमध्ये गंज नसतो असे मी म्हणत नाही. समुद्राचे पाणी लागलेल्या गाडीत तो असतोच. पण नट काढल्यावरही हब न हलण्याचे मुख्य कारण गंज हे नव्हे. चाकाच्या मूळ हबमधून सहा स्टड बाहेर आलेले असतात, त्यांच्यावर लॉकिंग हबचे आवरण बसते, आणि आवरणाच्या प्रत्येक भोकाचे बाहेरचे तोंड निमुळते कापलेले असते. त्या तोंडात एका बाजूने चिरलेला, शंकूच्या आकाराचा वॉशर जातो, ज्याला गॅरेजमध्ये सगळे नुसते ‘कोन’ म्हणतात. नट आवळला की कोन आत सरकतो, त्याची चीर आवळली जाते आणि तो स्टड व आवरण यांच्यामध्ये पाचरीसारखा रुतून बसतो. हे मुद्दाम केलेले आहे, कारण फोर बाय फोरमध्ये अॅक्सलचा सगळा जोर याच सांध्यातून चाकाकडे जातो, आणि तिथे केसाएवढी जरी ढिलाई राहिली तरी पुढे-मागे हिसके बसून स्टड कापले जातात. कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकलेली पाचर हात काढल्यावर आपोआप गळून पडत नाही. नट काढल्यावर कोनही पडत नाहीत. त्यात जाम झालेले काहीच नाही. ज्याने पकडून ठेवायचे, त्याने पकडून ठेवले आहे.

टोयोटाच्या जुन्या दुरुस्ती पुस्तिकेत या कामाची कृती चार पायऱ्यांची आहे : नट आणि वॉशर काढायचे, पितळी सळई आणि हातोडीने स्टडच्या डोक्यांवर ठोकायचे, सुटलेले कोन काढून घ्यायचे आणि मग आवरण ओढायचे. आग, पाणी, छन्नी यांचा त्या पानावर उल्लेखही नाही. चौदा वर्षे आखातातल्या गॅरेजांमध्ये याच गाड्यांच्या खाली पाठ टेकून काढल्यावर मी त्या कृतीत फक्त थोडी भर घालीन. नट पूर्ण काढून टाकण्याऐवजी तो स्टडच्या टोकाशी समपातळीत येईल इतका सैल करून ठेवावा. त्यामुळे आटे चेपत नाहीत आणि कोन सुटताना उडून डोळ्यात जात नाही, कारण तो सुटतो तेव्हा अक्षरशः उडतो. एकाच स्टडवर राग काढत बसू नये. सहा स्टडवर आळीपाळीने, नेमके आणि कोरडे ठोके द्यावेत, आणि मधूनमधून आवरणाच्या कडेलाही पितळी हातोडीने एखादा ठोका द्यावा. एखादा कोन फारच हट्टी निघाला, तर त्याच्या चिरेत बारीक स्क्रू ड्रायव्हरचे टोक घालून हलकेच फाकवावे. लोखंडी हातोडी थेट वापरू नये, कारण तिने आटे चेपतात आणि ज्या हबांचे आवरण अॅल्युमिनियमचे असते ते तडकू शकते. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि गाडी नुसत्या जॅकवर नको, घोडी (खालून देायचा पक्का टेकू) लावलेली हवी.

आता त्या जाळाकडे येतो, कारण भाच्याचा माणूस तोच आणायला निघाला होता. जिथे आधी रॉकेल ओतायला सांगितले, तिथेच नंतर ज्योत धरायला सांगणाऱ्या माणसाला कोणत्या शब्दांत उत्तर द्यावे हे मला खरोखर कळत नाही. ब्रेक क्लीनरचा प्रकार तर त्याहून वाईट आहे. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असते, आणि त्याची वाफ ज्योतीत सापडली की फॉस्जीन हा वायू तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात जो शस्त्र म्हणून वापरला गेला तोच हा वायू. तो फुप्फुसात गेल्याचे परिणाम कधीकधी काही तासांनी दिसू लागतात, म्हणजे माणूस काम संपवून, हात धुऊन, जेवून खोलीवर गेल्यानंतर. शिवाय त्या चित्रफितीत चाक उतरवलेलेही नाही. हवा भरलेल्या टायरच्या मधोमध गॅसची ज्योत धरली आणि उष्णता रिमपर्यंत पोहोचली, तर टायरच्या आतले रबर तापून त्यातून ज्वलनशील वायू सुटतात आणि टायर स्फोट होऊन फुटू शकतो. हवा कमी केल्याने हा धोका टळत नाही. असे फुटलेले टायर मोठ्या ट्रकच्या वर्कशॉपमध्ये माणसांचे जीव घेतात, आणि पिकअपचे टायर लहान आहे म्हणून ते सौम्य वागेल असे समजण्याचे कारण नाही.

हे सगळे धोके क्षणभर बाजूला ठेवले, तरी ज्या कामासाठी जाळ धरायचा ते कामही त्याने नीट होत नाही. तापल्यावर लोखंड फुगते हे खरे. पण उपयोग व्हायचा तर भोक आणि त्यातला तुकडा यांच्या तापमानात फरक पडला पाहिजे. पोलाद एका अंशाला आपल्या मापाच्या सुमारे १२ दशलक्षांश इतके वाढते, म्हणजे १० मिलिमीटरच्या भोकात १०० अंशांचा फरक पडला तर वाढ होते ती ०.०१२ मिलिमीटर. आणि ज्योत धरली की आवरण, कोन आणि स्टड हे तिन्ही एकमेकांना चिकटून असल्यामुळे जवळजवळ बरोबरच तापतात, त्यामुळे तेवढाही फरक हाती लागत नाही. दुसरीकडे, याच आवरणाच्या अगदी मागे बाहेरचे बेअरिंग बसलेले असते. बसवताना बेअरिंग १२५ अंश सेल्सिअसच्या वर तापवू नये असे बेअरिंग बनवणारी एसकेएफसारखी कंपनी स्वतः सांगते. पोलाद लाल दिसू लागते ते सुमारे ५०० अंशांच्या पुढे. चाकाच्या ग्रीसला घट्ट ठेवणारा लिथियमचा साबण २०० अंशांच्या आसपासच पाझरून वाहू लागतो, आणि मागच्या बाजूचे रबरी ऑइल सील त्याच्याही कितीतरी आधी कडक होऊन तडकते. म्हणजे एवढीशी पाचर सोडवण्यासाठी बेअरिंगचे पाणी उतरवायचे, म्हणजे त्याच्या पोलादाचा कडकपणा घालवायचा, ग्रीस जाळायचे, सील घालवायचे आणि वर तापलेल्या पोलादावर गार पाणी मारून त्याला तडा जायची सोय करायची. ज्या बेअरिंगच्या आवाजासाठी भाच्याने हब उघडायला घेतला होता, तो आवाज मात्र या उपायाने कायमचा बंद झाला असता, यात शंका नाही.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे, मनाविरुद्ध का होईना. रॉकेल, डिझेल किंवा झिरपणारे कोणतेही पातळ तेल स्टडच्या मुळाशी थेंबभर सोडून तासभर थांबल्याने काम हलके होते. आमच्या उस्तादांनीही हेच शिकवले होते. आणि अगदीच न सुटणाऱ्या कोनसाठी, चाक उतरवून, तेल पुसून काढून, गरम हवेच्या गनने फक्त आवरणाची कड हात लावता येणार नाही इतपत तापवली आणि लगेच ठोका दिला, तर कधीकधी तो सुटतो. थेंब आणि ओतणे, कोमट आणि लाल, हे फरक त्या चित्रफितीत कुठेच नाहीत. हबमध्ये तेल ओतले तर ते आतल्या बेअरिंगमधले ग्रीस धुऊन काढते, हेही तिथे कुणी सांगत नाही.

त्या संदेशात जे सांगितलेलेच नाही, तेही तितकेच महत्त्वाचे आहे. फिरवायच्या चकतीचे झाकण उघडले की आत अॅक्सलच्या टोकावर एक सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी उघडी कडी, दिसते. ती काढल्याशिवाय, सहाही कोन हातात आले तरी आवरण बाहेर येणार नाही, कारण त्याच्या आतला दातेरी भाग त्या सर्क्लिपने अॅक्सलला अडकलेला असतो. पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या मॉडेलांत सर्क्लिपऐवजी मधोमध एक बोल्ट असतो. मी पाहिलेल्या ‘जाम’ हबांपैकी बऱ्याच हबांची कहाणी एवढीच होती : सर्क्लिप आत तशीच, बाहेरून पुलर (ओढून काढायचे हत्यार) लावलेला, आणि दोन माणसे घामाघूम. त्या ओढाओढीत सर्क्लिपची खाच खराब झाली की खर्च थेट अॅक्सलपर्यंत जातो. झाकण काढण्याआधी चकती ‘फ्री’वर आणावी, मग त्याचे सहा लहान बोल्ट काढावेत. सर्क्लिप खाचेत दाबून बसली असेल तर अॅक्सलच्या टोकातल्या आट्यांत एक बोल्ट फिरवून अॅक्सल किंचित बाहेर ओढावा, म्हणजे सर्क्लिप मोकळी होते. सर्क्लिपचे पक्कड हवेच; दोन स्क्रू ड्रायव्हरांनी तिला उचकटणारा माणूस नंतर अर्धा तास ती शोधत बसतो.

छन्नीबद्दल फार लिहायची गरज नाही. ज्या फटीत ती घालायची ती फट म्हणजे कागदी गॅस्केटची बसण्याची जागा आहे. तिथे एक खोल ओरखडा गेला की पुढच्या प्रत्येक वाळवंटी पावसात आणि प्रत्येक वादीच्या (एरवी कोरड्या नदीपात्राच्या) पाण्यात हब आतून भिजणार. चाकाचे नट सैल करून गाडी फिरवण्याचा उपाय मुळात हबचा नव्हेच. रिम हबला चिकटून बसते तेव्हा काही लोक नट थोडे सैल ठेवून गाडी हातभर पुढे-मागे करतात, त्याची ही विटंबना आहे. लॉकिंग हबच्या कोनशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि आठच्या आकड्यात फिरवल्यास चाकाचे स्टड तेवढे वाकतील. कोलामध्ये फॉस्फोरिक आम्ल असते, पण बहुतांशी साखरेचे पाणी असते; ते पिण्यासाठी ठेवावे.

ग्रीस ठासून भरण्याचा सल्ला ऐकायला पोषक वाटतो, म्हणून तो अधिक पसरतो. बेअरिंगमध्ये ग्रीस दाबून भरायचे असते हे बरोबर आहे. पण लॉकिंग हबच्या आत सरकणारा दातेरी भाग आणि स्प्रिंग असते, आणि तिथे जाड ग्रीस कोंबले तर चकती फिरते पण आतले दाते अडकतच नाहीत. माणूस रेतीत रुतल्यावर त्याला कळते की गाडी दोनच चाकांवर चालली आहे. तिथे दात्यांना पातळ थर पुरतो. हब कायम लॉकवर ठेवल्याने, गाडी टू-व्हील ड्राइव्हवर (फक्त मागच्या चाकांवर) असेल तर, फार बिघडत नाही, एवढे मान्य. फक्त पुढचा अॅक्सल विनाकारण फिरत राहतो. पण चकती जाम होते ती न फिरवल्यामुळे, आणि कायम एकाच जागी ठेवलेली चकती त्यातच मोडते. महिन्यातून एकदा ती फ्री आणि लॉक अशी फिरवून थोडे अंतर चालवणे पुरते. परत बसवताना खरे जपायचे ते वेगळेच आहे : कोन आणि त्यांची भोके स्वच्छ पुसून घ्यायची, सहाही नट टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) सारखे आवळायचे, आणि पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. सैल नटांमुळे तुटलेले स्टड मी जितके पाहिले, तितके गंजामुळे तुटलेले पाहिले नाहीत.

भारतात २०२२ साली आलेल्या हायलक्सला हे हाताने फिरवायचे हब नाहीत. म्हणजे इथे बसून ती चित्रफीत पुढे ढकलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हा सुटा भाग डोळ्यांनीही पाहिलेला नसणार, आणि ज्यांच्या हातात तो रोज असतो ती आपलीच मुले सोहार, सलालाह आणि दम्मामच्या गॅरेजांत उभी आहेत.

भाच्याला मी लगेच फोन केला, टॉर्चवाल्याला परत बोलवायला लावले आणि पितळी सळई शोधायला सांगितले. ती नव्हती, जुन्या पाण्याच्या नळाचा पितळी तुकडा मिळाला आणि तोही चालला. दीड तासाने त्याने छायाचित्र पाठवले. आवरण जमिनीवर, सर्क्लिप डबीत, बाहेरच्या बेअरिंगचे रोलर खड्डे पडलेले, आणि कापडावर मांडलेले कोन : पाच. सहावा उडून रेतीत गेला होता. “मामा, पाचावर बसवू का?” असे त्याने विचारले. मी सांगितले की नवे बेअरिंग आणायला जाशील तेव्हा कोनही आण, आणि तोवर गाडी घोडीवरच राहू दे.