स्क्रीनशॉट पाठवा म्हणे!

आज सकाळी पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला. बुद्धिबळाच्या सांघिक स्पर्धेसाठी मुलं निवडायची आहेत, ऑनलाइन रेटिंग १६०० च्या वर असलेल्यांनीच स्क्रीनशॉट पाठवावेत. चाचणी नाही, पट नाही, काही नाही. खाली अंगठ्यांची रांग लागली. दुपारपर्यंत गप्प बसले, आता नाही बसवत.

अहो, १६०० म्हणजे कुठले? लिचेस नावाच्या बुद्धिबळाच्या साइटवर नवं खातं उघडलं की आकडा १५०० पासूनच सुरू होतो. चेस डॉट कॉम या दुसऱ्या साइटवर खातं उघडताना तुम्ही नवशिके की मुरलेले ते विचारतात आणि त्यावर सुरुवात ठरते. एकाच मुलाचा आकडा एकीकडे १६००, दुसरीकडे १३००, आणि फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या यादीत त्याचं नावच नाही, हे आम्ही शिकवणारे रोज बघतो. खोटं त्यातलं काहीच नाही. ज्यांच्याशी तुम्ही खेळलात त्यांच्यात तुम्ही कुठे बसता, एवढंच रेटिंग सांगतं. २०० चा फरक असेल तर वरच्याने १०० डावांत साधारण ७६ गुण मिळवावेत, हा रेटिंगची पद्धत बसवणाऱ्या आर्पाद एलो यांचा हिशोब. पण तो एकाच यादीतल्या दोघांना लागू. इथला आकडा उचलून तिथे लावायचा नसतो.

माझ्याकडे गोव्यातल्या वाळपईकडचा एक मुलगा येतो. घरात फोन एकच, तोही वडील कामावरून आल्यावर हातात पडतो. पावसात तिथे रेंजही जाते आणि वीजही. नेट गेलं तरी ऑनलाइनचं घड्याळ थांबत नाही. "टीचर, लायट गेली आनी हांव हारलों," हे त्याचं ठरलेलं वाक्य. असे डाव गमावून गमावून त्याचा आकडा हजाराच्या आसपास घुटमळतो. आजच्या नियमाने हा मुलगा बाद!

हाच मुलगा मागे एका स्पर्धेत ऑनलाइन १८०० वाल्या मुलासमोर बसला होता. मी बाजूलाच उभी होते. याचं एक प्यादं कमी, दोघांकडे एकेक हत्ती. समोरचा पटापट खेळत होता, हा एकेका खेळीवर विचार करत होता. त्याने हत्ती आपल्या तिसऱ्या ओळीवर रोखून धरला, समोरच्या राजाला पुढे येऊच देईना. शेवटी प्यादं पुढे आलं, तसा याने हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि मागून शह द्यायला लागला. एक प्यादं कमी असताना डाव बरोबरीत सोडवायची जुनी रीत, फिलिडोरचा बचाव, जसाच्या तसा. बरोबरी. स्कोअरशीटवर अक्षर कोंबडीचे पाय, पण एकही खेळी लिहायची राहिली नव्हती.

हे ऑनलाइनच्या तीन मिनिटांच्या झटपट डावात, ब्लिट्झमध्ये, कुठे दिसणार? तिथे समोरच्याची खेळी यायच्या आधीच आपली लावून ठेवायची, हात चालला पाहिजे. पटावर सोंगटीला हात लावलात की तीच हलवायची. तासन्‌तास एका जागी बसायचं, समोरचा माणूस पाय हलवतोय, सुस्कारे सोडतोय, ते सोसायचं. स्क्रीनवर पट वरून दिसतो, टेबलावर तिरका. नुसतं ऑनलाइन खेळणाऱ्या मुलांना लांबवरचा उंट दिसतच नाही, हे मी शिकवताना सारखं बघते. आणि घरी बसून १६०० च्या वर जाणाऱ्याच्या शेजारी कोण बसलंय, दादा की खेळी सांगणारं इंजिन (संगणक प्रोग्रॅम), हे कोण तपासणार?

फिडेसुद्धा पटावरच्याच खेळाची क्लासिकल (लांब डाव), रॅपिड (जलद) आणि ब्लिट्झ अशी तीन रेटिंगं वेगळी ठेवते. मार्च २०२४ मध्ये त्यांनी किमान रेटिंग १४०० केलं आणि २००० च्या खालच्यांचे आकडे वर सरकवले. त्या रात्रीत कुणाचा खेळ सुधारला का?

ऑनलाइनमुळे गावोगावच्या पोरांना सराव मिळतो, मान्य. अव्वल खेळाडू दोन्हीकडे तगडे असतात, हेही मान्य.

पण आपल्या गोव्याचा बुद्धिबळपटू लिऑन मेंडोंसा, त्याचंच बघा. २०२० मध्ये सगळं जग स्क्रीनसमोर बसलं होतं, तेव्हा तो वडिलांबरोबर हंगेरीत अडकला होता आणि तिथे एकामागून एक स्पर्धा पटावर खेळत होता. त्याच वर्षी ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारे नॉर्म (स्पर्धांतल्या ठरावीक दर्जाच्या कामगिऱ्या) पुरे केले, तेही १४ व्या वर्षी. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात इथे गोव्यात हडफड्याला बुद्धिबळाचा वर्ल्ड कप झाला, तेव्हा सेल्फी काढायला तुम्हीच मुलांना घेऊन गेला होतात ना? पहिल्या ४० खेळ्यांना ९० मिनिटं देऊन तिथे खेळत होते. ते बघून आलात आणि निवड मात्र स्क्रीनशॉटवर?

त्या १८०० वाल्या मुलावर माझा अजिबात राग नाही. हुशार आहे, गोड आहे. बरोबरी झाल्यावर त्याचे वडील सगळ्यांदेखत म्हणाले, "हजारवाल्याशी बरोबरी?" पोराची मान वर होईना. चांगला खेळला होता हो तो! समोरचा त्याच्याहून चिवट निघाला, एवढंच. त्याच्या डोक्यावर तो आकडा आपण मोठ्यांनी ठेवलाय, आणि वाळपईच्या पोराला त्याच आकड्यापायी आपण दाराबाहेर ठेवतोय. दोघांचंही नुकसान, आणि दोघंही बारा-तेरा वर्षांची.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलंय, इथेही लिहिते. रविवारी चाचणी घ्या. पट, घड्याळं, स्कोअरशीट माझ्याकडे आहेत, फोंड्यात जागेची सोय मी करते, आर्बिटरला (पंचांना) मी विचारते. दोन रविवारांत पाच-सहा फेऱ्या आरामात होतील. फक्त वाळपईची सकाळची बस कितीला पोचते ते बघून पहिली फेरी लावा.