फक्त हँडल बदलत नाही
'बोइंगवरून एअरबसवर येताना फक्त हँडल बदलतं' हे वैमानिकांच्या विमानबदलावरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. मी दोन्ही उडवली आहेत. बोइंग ७३७ मध्ये दोघा वैमानिकांचे योक (समोरची, स्टिअरिंगसारखी हँडलं) एकमेकांना जोडलेले असतात, शेजारच्याने काय केलं ते हाताला लगेच कळतं. एअरबस ए३२० च्या साइडस्टिक (बाजूला असलेल्या, एका हाताने हलवायच्या छोट्या दांड्या) एकमेकींशी जोडलेल्या नाहीत. दोघांनी एकदम हलवल्या, की 'ड्युअल इनपुट' असा इशारा ऐकू येतो, तेव्हा कळणार!

पावसाळ्यात गोव्याच्या दाबोळी विमानतळावर उतरताना समुद्रावरचा वारा विमान हलवत असतो. बोइंगची सवय असलेला हात सारखी दुरुस्ती करायला धावतो. एअरबसमध्ये तोच हात आवरावा लागतो, कारण स्टिक सोडली तरी विमान आहे तो कल बऱ्यापैकी धरून ठेवतं. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. इथल्या नव्या पोरांसाठी लेखात एवढं तरी यायलाच हवं होतं.