पुढच्या सीटवरून दिसणारा पैसा

‘जुना वाचक’ यांस,

फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमच्या मते गॅट्सबी हा चोरटी दारू विकून गब्बर झालेला गुन्हेगार, आणि मी त्याला उगाच डोक्यावर घेतलं. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधल्या पिपशी केलेली तुलना ओढूनताणून आहे. मर्टल आणि जॉर्ज विल्सन या गरीब जोडप्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं: ‘ज्यांनी पैसा कधी जवळून पाहिलेला नसतो, त्यांनाच गॅट्सबी भव्य वाटतो.’ शेवटी, ‘असो. लिहीत राहा. शुभेच्छा.’

शुभेच्छांबद्दल आभार. टीकेला माझी ना नाही, कधीच नव्हती. या ब्लॉगवर याहून कडक प्रतिक्रिया आल्या आहेत आणि त्या अजून तशाच आहेत. पण कादंबरीबद्दल बोलता बोलता लेखिकेच्या घरात किती पैसा असेल याचा अंदाज बांधायचा आणि वर ‘असो’ म्हणून हात झटकायचे, याला समीक्षा म्हणत नाहीत. हा सूर माझ्या चांगला ओळखीचा आहे. कादंबरीत तो टॉम ब्युकॅननचा आहे, गॅट्सबीचं जिच्यावर प्रेम आहे त्या डेझीच्या श्रीमंत नवऱ्याचा. गॅट्सबी ऑक्सफर्डचा आहे असं कुणी म्हणालं की टॉमचा पुरावा तयार असतो: हा माणूस गुलाबी सूट घालतो!

आता ‘जवळून’. माझे वडील ड्रायव्हर होते. एकाच कुटुंबाकडे, निवृत्तीपर्यंत. पैसा मी पाहिलाय, साहेब (किंवा बाईसाहेब, तुम्ही नाव दिलेलं नाही), फक्त पुढच्या सीटवरून. मागच्या सीटवर बसणाऱ्यांना वाटतं पुढे कुणी नसतंच. ते तिथे भांडतात, रडतात, भावाचा वाटा कसा मारायचा ते ठरवतात. वडील घरी येऊन फारसं बोलत नसत, पण जे थोडं बोलत त्यावरून मला मोठ्या घरांबद्दल जे कळलं ते पुढे पुस्तकांत शोधावं लागलं नाही.

म्हणून ही कादंबरी वाचताना तुम्हाला जी माणसं दिसली नसतील ती मला दिसतात. डेझी कथा सांगणाऱ्या निकच्या घरी चहाला येते तेव्हा ‘तासाभराने ये’ म्हणून ज्याला पिटाळते तो फर्डी. फिकट निळ्या गणवेशात पार्टीचं आमंत्रण घेऊन येणारा गॅट्सबीचा शोफर. आणि शेवटाकडे, पोहण्याच्या तलावात गॅट्सबीला गोळी लागते तेव्हा आवाज ऐकणाराही शोफरच. आवाज ऐकला, पण त्याचं विशेष काही वाटलं नाही, असं तो नंतर सांगतो. तो जुना नोकर नव्हे. डेझी दुपारी येऊ लागल्यावर बाहेर बोभाटा नको म्हणून गॅट्सबीने सगळे नोकर काढून धंद्यातल्या साथीदाराची, वुल्फशाइमची, माणसं ठेवली, त्यांतला हा एक. ड्रायव्हरच्या मुलीला हे वाक्य ओलांडून पुढे जाता येत नाही.

एक गोष्ट लेखात नव्हती, ती आता तुमच्यामुळे सांगावी लागते आहे. कॉलेजात असताना वडील कधीकधी मालकांची गाडी घेऊन फाटकाशी यायचे. मैत्रिणींना वाटायचं गाडी आमची आणि चालवणारा आमचा माणूस. मी खोटं एक अक्षर बोलले नाही. फक्त मागचं दार उघडून बसायचे. वडिलांनीही कधी विचारलं नाही. पिपला लहानाचं मोठं करणारा साधा लोहार, जो गार्जरी, त्याला लंडनमध्ये भेटायला येणार असतो तेव्हा पिप म्हणतो, पैसे देऊन त्याचं येणं टाळता आलं असतं तर मी नक्की दिले असते. हे वाक्य १८६० च्या सुमारास लिहिलेलं आहे आणि मला ते पाठ आहे. तेव्हा तुलना ओढूनताणून आणायला मला लांब जावं लागलं नाही. ती तशी का वाटते याचं कारण तुम्ही दिलेलं नाही, म्हणून त्या मुद्द्यावर मीही याहून जास्त देत नाही.

तुमच्या वाक्याची खरी गंमत अशी की ते गॅट्सबीलाच लागू होत नाही. नॉर्थ डकोटातल्या शेतकऱ्याचा हा पोरगा, जेम्स गॅट्झ, लेक सुपिरिअरच्या काठी शिंपले खणून आणि मासे पकडून पोट भरत होता. सतराव्या वर्षी डॅन कोडीच्या यॉटवर चढला तो नवं नाव घेऊनच, आणि पुढची पाच वर्षं तिथेच राहिला. कारभारी, खलाशी, सेक्रेटरी, आणि कोडी प्यायला की त्याचा जेलरसुद्धा. चांदीच्या आणि तांब्याच्या खाणींतून कोट्यधीश झालेला माणूस पिऊन काय करतो ते त्याने स्वच्छ पाहिलं, म्हणून तर स्वतःच्या पार्ट्यांत तो जवळजवळ पीतच नाही. कोडीने त्याच्या नावे पंचवीस हजार डॉलर ठेवले होते, ते वकिली डावपेचांत गेले. आणखी किती जवळून पाहायचं?

आणि पैसा ओळखतो कोण? निक डेझीचा लांबचा भाऊ, खात्यापित्या घरातला, येलमध्ये शिकलेला. तिच्या आवाजात काहीतरी आहे हे त्यालाही जाणवतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही, वाक्य अर्धं राहतं. ते पुरं करतो गॅट्सबी: तिच्या आवाजात पैसा भरलेला आहे. जन्मभर त्या आवाजांत वाढलेल्यांना तो ऐकू येत नाही, बाहेरच्याला एका क्षणात येतो. माझ्या लेखाचा सगळा मुद्दा एवढाच होता. तुम्ही त्याच्या बरोबर उलटं वाक्य लिहून मला शिकवायला निघालात.

फिट्झजेराल्डलाही तुम्ही हेच ऐकवणार का? तो अकरा वर्षांचा असताना, १९०८ साली, वडिलांची नोकरी गेली. १९१९ मध्ये झेल्डाने साखरपुडा मोडला, कारण पोराच्या मिळकतीचा भरवसा नव्हता. मार्च १९२० मध्ये पहिली कादंबरी आली आणि आठवडाभरात दोघांचं लग्न लागलं. असा माणूस १९२५ साली गॅट्सबी लिहितो तेव्हा त्याला पैशाने दिपलेला म्हणायचं की पैशाची किंमत नेमकी ठाऊक असलेला, ते तुम्ही ठरवा. बाजारात हे पुस्तक तेव्हा फार चाललं नाही. १९४० मध्ये तो गेला तेव्हा दुसऱ्या छपाईच्या प्रती अजून पडून होत्या. तेव्हाही ‘जुने वाचक’ असतीलच.

गुन्हेगारीचं म्हणाल तर आहेच तो गुन्हेगार. नाही कोण म्हणतंय? अमेरिकेत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती, आणि त्याच्या हिरवळीवर येऊन ती दारू ढोसणारे सगळे सभ्य होते. पुढे.

मर्टलबद्दल मात्र तुमचं मान्य. तिच्यावर परिच्छेद असता तर लेख भक्कम झाला असता. नवऱ्याने लग्नाचा सूट दुसऱ्याचा मागून आणला होता हे कळल्यावर ती दुपारभर रडली होती, हे ती टॉमच्या पैशावर चालणाऱ्या फ्लॅटमध्ये बसून सांगते. त्याच रात्री डेझीचं नाव घेतलं म्हणून टॉम तिचं नाक फोडतो. आणि गॅट्सबी युद्धावरून परतला तेव्हा त्याच्याकडे साधे कपडे घ्यायला पैसे नव्हते, तो लष्करी गणवेशातच फिरत होता. विल्सनचा मागून आणलेला सूट, गॅट्सबीचा गणवेश आणि टॉमला खुपणारा गुलाबी सूट, हे तिन्ही शेजारी ठेवून बघा. मी ठेवते आहे. मूळ लेखात तो परिच्छेद या आठवड्यात घालेन. सुचवणारे म्हणून श्रेय हवं असेल तर खऱ्या नावाने कळवा.