रिकाम्या कॅचने प्रोग्रॅम वाचत नाही

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतलं एक्सेप्शन हँडलिंग (प्रोग्रॅम चालताना येणाऱ्या चुका हाताळणं) 'चार ओळींत' शिकवणारा एक मेसेज मुलाखतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. माझ्या भाचीने तो वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला, तेव्हा गप्प बसणं शक्य नाही.

सगळ्यात घातक ओळ पहिलीच आहे: 'सगळा कोड ट्रायमध्ये घाला, खाली कॅच (एक्सेप्शन ई) लिहून कंस रिकामा ठेवा, प्रोग्रॅम कधीच क्रॅश होणार नाही.' ट्रायमध्ये चूक होऊ शकेल असा कोड असतो आणि तिथे फेकली गेलेली चूक, म्हणजे एक्सेप्शन, कॅच पकडतो. कॅच रिकामा ठेवला तर प्रोग्रॅम क्रॅश होणार नाही, पण चुकीचं काम बिनबोभाट करत राहील. एका खात्यातून ५,००० रुपये वजा करून दुसऱ्यात जमा करायचे आहेत, असं समजा. वजा करणारी ओळ चालली. जमा करणाऱ्या ओळीने एसक्यूएलएक्सेप्शन (डेटाबेसची चूक) फेकलं, रिकाम्या कॅचने ते गिळलं आणि त्याखालची कमिटची, म्हणजे बदल कायम करणारी, ओळ निमूट चालली. पैसे गेले आणि लॉगमध्ये (प्रोग्रॅमच्या नोंदींत) एक अक्षर नाही! तिथे रोलबॅक करून (झालेले बदल मागे घेऊन) एक्सेप्शन पुन्हा वर फेकायला हवं होतं. ज्या चुकीवर त्या जागी खरोखर काही करता येतं, तेवढीच पकडायची. वरच्या थरासाठी नवं एक्सेप्शन बनवत असाल, तर मूळ 'ई' (पकडलेलं एक्सेप्शन) त्यात कारण म्हणून द्या. ते विसरलात तर स्टॅक ट्रेसमध्ये (चूक कोणत्या ओळींतून आली त्या यादीत) मूळ कारण दाखवणारं 'कॉज्ड बाय' येत नाही आणि मूळ चूक कुठे झाली ते शोधत बसावं लागतं.

एक मान्य करावं लागेल. सर्व्हरच्या अगदी बाहेरच्या थरावर सरसकट कॅच लावणं बरोबर असतं, कारण एका रिक्वेस्टमुळे बाकीच्या अडायला नकोत. पण तिथेही पूर्ण स्टॅक ट्रेस लॉगमध्ये जातो आणि समोरच्याला ५०० चा, म्हणजे 'सर्व्हरवर चूक झाली' असा, प्रतिसाद मिळतो. तिथला कंस रिकामा नसतो.

'एक्सेप्शन पकडलं की सगळं पकडलं.' नाही. मेमरी संपल्यावर येणारा आउटऑफमेमरीएरर आणि फंक्शनं एकमेकांना बोलावत राहिल्यावर येणारा स्टॅकओव्हरफ्लोएरर हे एररचे वंशज आहेत. एरर आणि एक्सेप्शन ही थ्रोएबलची (जावात फेकता येणाऱ्या सगळ्याच्या मूळ क्लासची) दोन वेगळी अपत्यं, म्हणून एक्सेप्शनच्या कॅचमध्ये एरर सापडत नाही.

'फायनली नेहमी चालतं, म्हणून रिटर्न तिथेच लिहा.' फायनली म्हणजे ट्राय-कॅचनंतर शेवटी चालणारा भाग. सिस्टिम.एक्झिट (प्रोग्रॅम तिथेच बंद करणं) झालं तर फायनली चालत नाही, ही तर किरकोळ गोष्ट. खरा घोळ रिटर्नचा आहे. ट्रायमध्ये स्ट्रिंगचा पूर्णांक करून रिटर्न केला आणि फायनलीत 'रिटर्न ०' लिहिलं, तर '४२' दिलं तरी उत्तर शून्य आणि 'अबक' दिलं तरी शून्य. नंबरफॉरमॅटएक्सेप्शन कुठे गेलं? जावा लँग्वेज स्पेसिफिकेशन या जावाच्या नियमावलीचा विभाग १४.२०.२ उघडा: फायनली असं मध्येच संपलं, तर आधीचं कारण (ट्रायमधलं रिटर्न किंवा एक्सेप्शन) टाकून दिलं जातं. हा जावाचा लिखित नियम आहे, कंपायलरचा दोष नव्हे. लिंट (कोडमधल्या शंकास्पद जागा दाखवणारी सोय) चालू केलं तर जावासी, म्हणजे जावाचा कंपायलर, याबद्दल वॉर्निंगही देतो.

'ट्रायने प्रोग्रॅम मंदावतो.' हेही खरं नाही. कंपाइल केलेल्या क्लास फाइलमध्ये एक्सेप्शन टेबल (कोणती चूक कुठे पकडायची त्याची यादी) असतं. चूक झाली नाही तर ते बघितलंच जात नाही. खर्च होतो तो एक्सेप्शन तयार होताना स्टॅक ट्रेस भरण्यात. म्हणून लूपमधून बाहेर पडायला एक्सेप्शन वापरू नका, एवढंच.

आणि फाइल किंवा कनेक्शन बंद करायला फायनली कशाला? २०११ च्या जावा ७ पासून ट्राय-विथ-रिसोर्सेस, म्हणजे काम संपलं की त्या आपोआप बंद करणारा ट्राय, आहे. फायनलीतल्या क्लोजनेच एक्सेप्शन फेकलं तर मूळ एक्सेप्शन हरवतं. इथे मूळ टिकतं आणि क्लोजचं त्याला सप्रेस्ड (दडपलेलं) म्हणून जोडलं जातं.