वीतभर स्क्वॉटचं कौतुक पुरे

नागपुरात धरमपेठेतल्या एखाद्या जिममध्ये संध्याकाळी जा. बार ठेवायच्या रॅकमध्ये हमखास एक पोट्टा स्क्वॉट, म्हणजे वजन घेऊन उठबस, करत असतो. बारला दोन्हीकडे वीसच्या तीन-तीन प्लेटा, कमरेला पट्टा, आणि खाली जातो जेमतेम वीतभर. दोस्त ओरडतात, "जमलं बे!" पूर्ण काऊन बसत नाही विचारलं, तर उत्तर तयार: गुडघे जातात ना भाऊ.

ही भीती जुनी. १९६१ मध्ये टेक्सासचे संशोधक कार्ल क्लाईन यांनी खोल स्क्वॉटने गुडघ्याचे लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारे पट्टे, सैल होतात असं मांडलं. पुढच्या अभ्यासांत ते टिकलं नाही, धाक मात्र राहिला. दुसरा धाक, गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये. २००३ च्या एका अमेरिकी प्रयोगात गुडघ्यासमोर फळी लावून तो अडवला. गुडघ्यावरचा ताण साधारण २२ टक्क्यांनी घटला, पण धड पुढे वाकल्यामुळे खुब्यावरचा दहापटीहून जास्त झाला. आणि वीतभर बसणारा वजन किती जास्त घेतो! ते सगळं मणक्यावरच येतं ना.

माझं मत सरळ आहे. चाळिशीनंतर बॅक स्क्वॉटच्या, म्हणजे पाठीवर बार घेऊन केलेल्या स्क्वॉटच्या, आकड्यामागे धावू नका. छातीशी एक डंबेल धरून गॉब्लेट स्क्वॉट करा. वजन पुढे असल्याने धड आपसूक ताठ राहतं आणि खोल बसता येतं. टाच उचलते? बहुतेकदा घोटा आखडलेला असतो. दोन्ही टाचांखाली अडीच किलोची एकेक प्लेट सरकवा, फरक लगेच कळेल. बार पुढे खांद्यांवर धरून केलेला फ्रंट स्क्वॉटही गुडघ्याला सोसतो, कमी वजनात मांड्या तेवढ्याच कामाला लागतात. फक्त मनगटं बोंबलतात.

पण माझा आवडता बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट. मागचा पाय बाकावर, हातात दहा-दहा किलो. पाठीवर ओझं नाही, आणि कोणता पाय कामचोर आहे ते लगेच उघडं पडतं. लोक टाळतात, कारण दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही.

महाल भागातले जुने पहिलवान म्हणतील, "आमच्या बैठका काय वाईट होत्या?" मुळीच नाही. दम आणि चिवटपणा बैठकांनीच येतो. पण त्यात टाच उचलते, गुडघा पार पुढे जातो. लहानपणापासून आखाड्यात घडलेला गुडघा ते सोसतो. पन्नाशीत, वीस वर्षं खुर्चीत काढून, एकदम शंभर बैठका मारायला जाऊ नका. ताकद हवी तर वजन हळूहळू वाढवावंच लागतं, नुसती मोजणी वाढवून भागत नाही. आणि गुडघा सुजत असेल तर आधी ऑर्थोपेडिककडे जा, मग माझ्याशी भांडायला या.