ऐरणीच्या वेल्डिंगवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया वाचली. ऐरणीची तुटलेली कडा वेल्डिंगने भरण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं: ऐरण तापवली की तिचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरतं, कडा तुटली तर तुटकीच वापरावी, बिडाच्या ऐरणीचं काय, आणि "आयुष्यात घण न उचललेल्यांनी असले सल्ले देऊ नयेत."

आधी या शेवटच्या वाक्याबद्दल. मी ११ वर्षांचा असताना वडिलांच्या भट्टीवर भाता ओढायला लागलो. १५व्या वर्षी घण हातात आला, तो अजून सुटलेला नाही. ओळख ना पाळख, एकदम माणसाची लायकी काढायची ही कुठली रीत? "पटलं नाही" एवढंच लिहिलं असतंत तर मी गुमान ऐकून घेतलं असतं.

आणि सल्ला मी हात पोळून घेऊन देतोय. पहिली ऐरण मी थंडच वेल्ड केली होती. कडा दिसायला सुरेख झाली. तिसऱ्या दिवशी घण बसला तो टण्ण न वाजता खट्ट वाजला आणि भरलेला तुकडा खालच्या पोलादाची खपली घेऊन उडाला. १०० किलोचं थंड धूड वेल्डची उष्णता क्षणात ओढून घेतं, लगतचं पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. त्यात रॉडच्या ओलाव्यातला हायड्रोजन शिरला की तडा आतूनच सुरू होतो. म्हणून ऐरण आधी तापवायची, ७०१८चे, म्हणजे कमी हायड्रोजनचे, वेल्डिंग रॉड ओव्हनमधून काढून कोरडेच वापरायचे, वर हार्डफेसिंगचे, म्हणजे झीज न होणाऱ्या कठीण धातूचे, थर द्यायचे आणि मग राखेत पुरून रात्रभर सावकाश निवू द्यायचं. त्या खट्ट आवाजानंतर यातली एकही पायरी मी गाळलेली नाही.

एक मात्र मान्य. "चांगली तापवा" असं मोघम लिहायला नको होतं. साधारण २०० ते २३० अंश सेल्सिअस, सगळीकडून सारखं, ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या खडूने तपासत. लेखात दुरुस्ती करतो. एवढ्या तापाला अख्ख्या माथ्याचं पाणी उतरत नाही. वेल्डलगतची चिंचोळी पट्टी मऊ पडते, तेवढी पडतेच.

बाकी, तुटकी कडा तुम्हाला पुरत असेल तर खुशाल वापरा. बिडाच्या ऐरणीला हात लावू नका, हे लेखात स्पष्ट लिहिलं होतं. निदान शेवटपर्यंत वाचायचं तरी. पुन्हा लिहाल तेव्हा ऐरणीबद्दल लिहा, माझ्याबद्दल नको.