तर्रीपोह्यांवरचे इतिहासकार

राजेहो, नागपूरचा इतिहासकार व्हायचं असेल तर एकच पथ्य पाळा : जागेवर जायचं नाही. जे गेले त्यांचं काय झालं बघा. विल्यम लॅम्बटन दक्षिणेपासून जमीन मोजत मोजत हैदराबादहून नागपूरला निघाला आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटातच आटोपला. थडगंही तिथंच. स्टीफन हिस्लॉपनं तर हद्द केली. मिशनरी माणूस, प्रवचन द्यावं अन् स्वस्थ बसावं. तर हा दगड गोळा करतो, जीवाश्म शोधतो, गोंडांची गाणी उतरवून घेतो! ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे दगडांच्या रिंगणातली प्राचीन थडगी, पाहून परतताना बुडून मेला. भर पावसाळ्यात आपल्याकडच्या नाल्याच्या नादी लागू नये, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. तशीच वर्तुळं काटोल रोडला जुनापाणीतही आहेत, पण तिथं ना सावली, ना चहा. सोडा.

सुरुवात भोसल्यांपासून करा. १७०२ साली नागपूर वसवणारा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह मध्ये आणला की गोष्ट लांबते. त्याच्या मुलाचा, चांद सुलतानाचा, जुम्मा तलाव पुढे शुक्रवारी झाला, मग गांधीसागर. पाटी बदलली की निम्मा इतिहास परस्पर मिटतो.

वाकाटकांवर, म्हणजे विदर्भाच्या प्राचीन राजघराण्यावर, बोलायची वेळ आलीच, तर त्यांची राणी प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, एवढ्यावर थांबा. नवरा गेल्यावर लहान मुलांच्या वतीनं तिनं नंदिवर्धनाहून, म्हणजे आपल्या रामटेकजवळच्या नगरधनहून, स्वतः राज्य चालवलं, हे सांगत बसाल तर पोहे गार होतील. वा. वि. मिराशींनी ताम्रपटांतली अक्षरं लावण्यात आयुष्य घातलं. तुम्हाला एक फॉरवर्ड पुरतो.

झीरो माइलचा खांब म्हणजे भारताचा मध्य, हे मात्र छातीठोकपणे सांगा. तो सर्वेक्षणवाल्यांचा १९०७ चा उंची मोजायचा दगड आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला पुणेकर ठरवा. अजबबंगल्याचं, म्हणजे आपल्या वस्तुसंग्रहालयाचं, टेन्शन घेऊ नका. चौथीच्या सहलीत गेला होतात ना? झालं तर.

आणि एखाद्यानं विचारलंच, ‘काहून बे, तू जुनापाणीला गेल्ता का कधी?’ तर गडबडायचं नाही. प्लेट पुढं करायची : ‘भाऊ, जराशी तर्री टाक ना अजून.’